राखेवर चूल पेटत नाही



या खेपेला कांद्याच्या चाळीवर लिहायचे ठरवले होते. दोघातिघांनी तशी पत्रेही धाडली आहेत. पण मध्येच पाटणला थोरल्या भावाकडे दोन दिवस राहून आलो, आणि तिथे जे पाहिले ते आधी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. चाळ पुढच्या खेपेला.

आमच्या आबांचे, म्हणजे थोरल्या भावाचे रान केरा नदीच्या काठाला आहे. केरा पाटणला कोयनेला मिळते, त्याच्या थोडे वरच्या अंगाला. दोन एकरांचा तुकडा. एकरभर ऊस, बाकीच्यात भुईमूग आणि घरापुरता भाजीपाला. ज्या तालुक्यातल्या पाण्यावर १,९६० मेगावॉटचा वीजप्रकल्प उभा आहे, त्याच तालुक्यातल्या या तुकड्यापर्यंत विजेचा खांब पोचलेला नाही. त्यामुळे नदीचे पाणी उचलायला पाच हॉर्सपॉवरचे जुने डिझेल इंजिन. रात्री गव्यांची भीती, म्हणून दारे धरायची ती दिवसा.

मी पोचलो तो पुतण्या चहाचा कप खाली ठेवू देईना. “नाना, आधी इंजिनाकडं चला. पाण्यावर इंजिन चालवून दावतो तुम्हाला!”

खोपीत गेलो. इंजिनाशेजारी फळीवर एक पारदर्शक डबा ठेवलेला. आत स्टीलच्या पट्ट्या ओळीने उभ्या केलेल्या आणि पाणी भरलेले. पट्ट्यांना दोन वायरी जोडून त्या बारा व्होल्टच्या बॅटरीला नेलेल्या. डब्याच्या टोपणातून निघालेली नळी पाण्याच्या एका बाटलीतून जाऊन इंजिनाच्या एअर फिल्टरमध्ये घातलेली. वायर जोडताच डब्यात दूध उतू जावे तसे बुडबुडे उठले. इंजिन सुरू झाले. धूर पाहिला तर खरेच विरळ.

“साडेनऊ हजाराला बसलं,” पुतण्या म्हणाला. “आदी चार तासाला पाच लिटर डिझेल लागायचं, आता चारच लागतंय. खोटं वाटत आसंल तर कॅलेंडर बगा. हिनं समदं लिवून ठेवलंय.”

सूनबाईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचे तास आणि रोजचे डिझेल पेन्सिलीने टिपलेले होते. दुधाचा हिशेब लिहितात त्याच चौकटीत, खालच्या कोपऱ्यात. पुतण्याचे बोलणे खरे होते. डबा बसवला त्या दिवसापासून पाचाचे चार झाले होते.

आता कोणी म्हणेल, मग दुखले कुठे? दुखले ते पुढे. डबा विकणाऱ्या माणसाने पुतण्याला गळ घातली होती की, साठ हजार अनामत भर, दहा डबे घे, आणि ढेबेवाडी, तारळे, मल्हारपेठ या भागाची एजन्सी चालव. साठ हजार रुपये घरात होते. उसाच्या बिलातून बाजूला काढलेले. थोरली नात बारावी झाली आहे, तिला नर्सिंगला घालायचे, त्याच्या फीचे ते पैसे. “दोन महिन्यात दुप्पट होत्यात, फी भरायच्या आत परत ठेवतो,” असा पुतण्याचा हिशेब. आबा काही बोलत नव्हते. रात्री जेवणे झाल्यावर सूनबाई ताटे उचलता उचलता हळूच म्हणाली, “नाना, तुमी इंजिनातलं जाणता. येकदा नीट बगा. पैसं पोरीचं हायत.”

पुतण्याला हसायचा मला अधिकार नाही. बऱ्याच वर्षांमागे मी स्वतः मोटारसायकलच्या पेट्रोलच्या नळीला एक लोहचुंबक बांधून घेतले होते. पेट्रोल वाचते असे विकणाऱ्याने सांगितले, आणि मलाही आठ दिवस तसे वाटले. मी चार जणांना ते घ्यायला लावले. त्यांतला एक अजून माझ्याशी सरळ बोलत नाही. तेव्हा माणूस भाबडा असतो म्हणूनच फसतो असे नाही. चार पैसे वाचावेत अशी गरज असते म्हणून फसतो.

बुडबुडे खरे आहेत

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बसून पुतण्याला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की डब्यात जादू नाही आणि लबाडीही नाही. ते बुडबुडे खरे आहेत. पाण्यातून वीज सोडली की पाणी फुटते. दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन असे वायू निघतात. इंग्लंडात निकल्सन आणि कार्लाइल या दोघांनी १८०० सालीच हे करून पाहिले. हायड्रोजनवर इंजिन चालते हेही खरे. स्वित्झर्लंडच्या द रिवाझ नावाच्या माणसाने १८०७ साली तसले इंजिन बनवले होते, तेव्हा डिझेल इंजिनाचा जन्मही झाला नव्हता. याच वायूंची बारीक तेज ज्योत करून दागिन्यांना डाग देण्याची यंत्रेही मिळतात.

मग प्रश्न उरतो तो एकच. तो वायू काढायला किती खर्ची पडते आणि तो जाळून किती परत मिळते?

सूनबाई चुलीतली राख काढत होती. मी तिला विचारले, “ही राख परत चुलीत घातली तर भाकरी भाजेल का?”

“राखंवर कशी भाजंल? तिच्यातला जाळ कवाच संपला की.”

हेच उत्तर आहे. हायड्रोजन जळाला की त्याचे पाणी होते. लाकडाची राख तसे हायड्रोजनचे पाणी. पाणी हे इंधन नव्हे, जळून गेलेल्या इंधनाची ती राख आहे. राखेतून परत लाकूड करायचे तर जळताना जेवढी उष्णता बाहेर पडली, तेवढी सगळी परत घालावी लागते. वर जी नासाडी होईल ती वेगळीच.

पाटणच्या माणसाला हे कोयनेवरून चटकन कळेल. शिवाजीसागराचे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पलीकडे पोफळीच्या बाजूला कोकणात उतरते. उतरताना चाके फिरवते आणि वीज देते. १९६२ सालापासून हे चालले आहे. खाली पोचलेले पाणी दिसायला तेच असते, पण त्यातला पडण्याचा जोर संपलेला असतो. उद्या कोणी म्हणाला, “त्याच विजेवर पंप लावून ते पाणी परत धरणात चढवू, म्हणजे धरण कधी आटणारच नाही,” तर कोयनानगरच्या बाजारातले पोरही हसेल. चढवायला जेवढी वीज लागेल तेवढी त्या पाण्याने उतरताना दिलेलीच नसते.

यावर पुतण्या म्हणाला, “पर नाना, घाटघरला तर पाणी परत वर चढवत्यात की!” मुलगा वाचणारा आहे. बरोबर आहे. घाटघरला २००८ साली २५० मेगावॉटचा तसा प्रकल्प सुरू झाला. विजेला मागणी नसते तेव्हा पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडायचे. पण तिथेही घातली त्यापेक्षा कमीच वीज परत मिळते. तो धंदा विजेची वेळ बदलण्याचा आहे, वीज वाढवण्याचा नव्हे.

चमच्यांचा हिशेब

मग पाटी-पेन्सिल घेतली. तुम्हीही घ्या.

पुतण्याचा डबा बारा व्होल्टवर सुमारे पंधरा अँपिअर ओढतो. म्हणजे १८० वॉट. त्यातून मिनिटाला फार तर लिटरभर वायू निघतो. बुडबुडे डोळ्यांना भरपूर दिसतात, पण वायू हा फुगलेला असतो. तासभरात निघालेल्या साठ लिटर वायूत जाळ किती? डिझेलच्या मापाने मोजला तर सुमारे ११ मिलिलिटर. औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या चमच्याने दोन चमचे आणि वर थोडे. आणि इंजिन तासाला पिते लिटरभर! शंभर चमच्यांत एक चमचा, असा तो हातभार आहे. तोही चुकून काही वाया गेले नाही तर.

दुसऱ्या बाजूने पाहा. पाच हॉर्सपॉवरचे असे इंजिन मिनिटाला सुमारे चारशे लिटर हवा आत ओढते. त्या चारशेत हा एक लिटर वायू.

आता बॅटरीचा खर्च. तासाला १८० वॉट म्हणजे चार तासांत पाऊण युनिटाच्या आसपास. घरच्या विजेवर बॅटरी भरताना चार्जर आणि बॅटरी आपला वाटा खातात, म्हणजे मीटरवर युनिटभर पडणारच. बदल्यात चार तासांत आठ-नऊ चमचे डिझेल. हिशेबाला लिटर नव्वद रुपये धरले तर चार रुपये. त्यातून विजेचे पैसे वजा करा. शिवाय इंजिनाला धक्का देण्यासाठी बनवलेली बॅटरी रोज अशी पिळून काढली की ती लवकर मरते, आणि नवी घ्यायला हजारो रुपये लागतात.

जीप किंवा ट्रॅक्टरला डबा लावला तर हिशेब आणखी वाईट. तिथे वीज येते ती इंजिनावरच्याच डायनमोतून. इंजिनाने आपल्या जोरातला एक रुपया डायनमोला दिला, तर विजेच्या रूपाने साठ पैशांच्या आसपास हाती येतात. साठ पैशांची वीज डब्यात घातली की वायूच्या रूपाने पस्तीस-छत्तीस पैसे उरतात, बाकी पाणी गरम होण्यात जातात. तो वायू इंजिनात जाळला की इंजिन त्याचा तिसरा हिस्सा कामाला लावते, उरलेले धुराड्यातून आणि पाण्यावाटे निघून जाते. म्हणजे रुपया दिला आणि बारा पैसे परत आले. असला सावकारीचा धंदा कोण करील?

कॅलेंडर काय म्हणाले

पुतण्या गप्प होता. पण त्याचा मुद्दा सुटलेला नव्हता. “नाना, हिशेब तुमचा खरा आसंल. पर पाचाचं चार झालं ते डोळ्यांनी बगितलंय. त्येचं काय?”

हा प्रश्न योग्य होता. हिशेब एक सांगतो आणि डोळे दुसरेच सांगतात, तेव्हा डोळ्यांना खोटे म्हणून भागत नाही. काय पाहिले ते नीट पाहावे लागते.

मी कॅलेंडर भिंतीवरून उतरवून मांडीवर घेतले आणि एकेक चौकट वाचत गेलो. मध्ये सहा दिवस सूनबाईने तासांपुढे ‘आबा’ असे लिहिले होते. विचारले तर ती म्हणाली, “तवा ह्ये साताऱ्याला गेलतं, मावसभावाच्या ऑपरेशनला. इंजिन आबांनी चालवलं.” त्या सहाही दिवसांत चार तासांना चार लिटर. कमी नाही, जास्त नाही.

मी आबांना हाक मारली. “आबा, तुम्ही इंजिन चालवलंत तेव्हा डबा कसा चालवायचा ते पोराने दाखवलं होतं का?”

आबा खाकरले. इकडे तिकडे पाहिले. मग म्हणाले, “खरं सांगू का? म्या वायर जोडलीच न्हाई. त्यो डबा खदखदाया लागला की मला भ्या वाटतं. नळी काडून बाजूला ठिवली हुती. पोराला वाईट वाटंल म्हून बोललो न्हाई.”

ओटा क्षणभर शांत झाला आणि मग सूनबाईला हसू आवरेना. डबा सहा दिवस बंद होता, तरी डिझेल चारच लिटर लागत होते!

मग ते एक लिटर वाचवले कोणी? पुतण्याला विचारत गेलो तसे एकेक निघाले. डबा बसवायला आलेल्या मिस्त्रीने आधी दोन तास इंजिनच खोलले होते. एअर फिल्टर धुळीने गच्च झाला होता, तो धुतला. डिझेलचा फिल्टर बदलला. नोझल साफ करून बसवले. टॅपेट जुळवले. सैल पट्टा ताणला. आणि जाता जाता रेस थोडी खाली आणली. हे सगळे डबा नसतानाही करता आले असते. रेस कमी केल्याने पाणीही थोडे कमी पडत असणार, पण ते कोणी मोजले नव्हते. साडेनऊ हजारांत खरे काम झाले ते दोन तासांच्या सफाईचे.

तरीही पुतण्याच्या मनात किंतु राहू नये म्हणून दुपारी बाटली लावून मोजले. ही रीत प्रत्येकाने शिकून ठेवावी अशी आहे. टाकीची नळी सोडवून ती अर्धा लिटरच्या खूण केलेल्या बाटलीला जोडायची, आत हवा राहू द्यायची नाही. इंजिन अर्धा तास चालून गरम झालेले हवे. पाणी त्याच उंचीवर, त्याच पाइपातून पडले पाहिजे. मग अर्धा लिटर डिझेल किती मिनिटे पुरते ते घड्याळावर पाहायचे, आणि तेवढ्यात दोनशे लिटरचा पिंप किती वेळात भरतो तेही टिपायचे. एकदा डबा जोडून, एकदा तोडून, असे आलटून पालटून निदान तीन-तीन वेळा. आम्ही वायर जोडायचे-तोडायचे काम नातीकडे दिले आणि घड्याळ पुतण्याकडे. कधी जोडले नि कधी तोडले हे त्याला सांगायचे नाही असे ठरवले, कारण मन ज्या बाजूला झुकते त्याच बाजूला माणसाचा काटाही झुकतो.

सहा वेळा मोजले. प्रत्येक वेळी एकोणतीस ते तीस मिनिटांच्या मध्ये. नातीने तिची चिठ्ठी उघडली तेव्हा सर्वांत जास्त वेळ पुरलेली बाटली वायर तोडलेली असतानाची निघाली. पुतण्याने चिठ्ठी दोनदा वाचली आणि खिशात घातली.

मग हायड्रोजन खोटा का?

नाही. आणि हेही सांगितले पाहिजे, नाही तर उद्या पेपरात हायड्रोजनची बातमी आली की तुम्ही म्हणाल, नाना जुन्या काळातले.

पेट्रोलमध्ये हायड्रोजन मिसळला तर ज्वाला वेगाने पसरते आणि पातळ मिश्रणही पेटते, धुरातले विषारी वायू घटतात. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९७७ साली यावर अहवाल काढला. पण तिथे हायड्रोजन बाटल्यांतून आणलेला होता किंवा मिथेनॉलपासून वेगळ्या यंत्रात काढलेला होता, आणि प्रमाणही चमच्याचे नव्हते. दिल्लीत २०२० साली हायड्रोजन मिसळलेल्या सीएनजीवर बसगाड्या चालवून पाहिल्या. पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी कंपनी आणि सीएसआयआरने मिळून हायड्रोजनवरची बस दाखवली. तिच्यात हायड्रोजन जाळत नाहीत, इंधनघटात त्याची वीज करतात. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजनची मोहीम मंजूर केली. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. हायड्रोजन बनवायला लागणारी ताकद बाहेरून येते, उन्हातून, वाऱ्यातून किंवा दुसऱ्या इंधनातून. आपल्या वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्यांच्या विजेने उद्या कोणी पाणी फोडले तर त्याला अर्थ आहे. इंजिनाने स्वतःच्याच जोरावर स्वतःचे इंधन बनवायचे, याला अर्थ नाही. आपल्याच कंबरेला धरून कोणी स्वतःला उचलू शकत नाही.

आणि या वाटेवर फसवणूकही जुनीच आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात स्टॅन्ली मेयर नावाच्या माणसाने पाण्यावर चालणाऱ्या गाडीसाठी लोकांकडून पैसे घेतले. १९९६ साली कोर्टाने ती फसवणूक ठरवून पैसे परत द्यायला लावले. त्याच वर्षी आपल्याकडे तामिळनाडूत रामर पिल्लैने वनस्पतीपासून पेट्रोल बनवतो असे सांगून देश हलवून सोडला. २०१६ साली चेन्नईच्या कोर्टाने त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. मध्ये वीस वर्षे गेली.

डबा घरात असेल तर

ज्यांच्याकडे असा डबा आधीच आहे त्यांनी पुढचे नीट वाचावे, विशेषतः घरातल्या बायाबापड्यांनी.

एक, हा वायू हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र असलेला असतो. म्हणजे सुरुंगाची दारू आणि तिला लागणारी हवा एकाच पिशवीत. एक ठिणगी पुरते. तो बाटलीत, ट्यूबमध्ये, फुग्यात कधीही साठवू नका. इंजिन बंद आणि डबा चालू असे कधी होऊ देऊ नका, बंद खोपीत तर नाहीच. बिडी लांब.

दोन, डब्यातले पाणी नुसते पाणी नसते. त्यात कॉस्टिक घातलेले असते. ते कातडी भाजते आणि डोळा घालवते. दिसते मात्र साध्या पाण्यासारखे. ते प्यायच्या पाण्याच्या बाटलीत भरून ठेवण्याची चूक करू नका, रानातून आलेले पोर ती बाटली तोंडाला लावील. डोळ्यांत उडाले तर लगेच पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धूत राहा आणि दवाखाना गाठा. ॲल्युमिनियमच्या भांड्यात तर ते घालूच नका, त्यातूनही हायड्रोजन सुटतो.

तीन, कॉस्टिक संपले म्हणून मीठ घालू नका. मिठाच्या पाण्यातून क्लोरीन निघतो, तो विषारी असतो.

डिझेल वाचवायचेच असेल तर

डबा सोडून आबांच्या रानात करण्यासारखे बरेच निघाले. फूटव्हॉल्व्हची जाळी शेवाळाने बुजलेली होती. नदीपासून वरपर्यंतच्या पाइपात नको तिथे दोन काटकोनी बेंड होते आणि पाइप पंपाच्या तोंडापेक्षा बारीक होता. पाणी घासून वर जाते तेव्हा त्या घासण्याचे डिझेल आपण भरतो. इंजिन थंड ठेवायचे म्हणून आबा त्यातून भरमसाट पाणी सोडत. पण फार थंड इंजिनही जास्त पिते. बाहेर पडणारे पाणी हात फार वेळ धरवणार नाही इतपत गरम असावे. आणि टाकीच्या खालची कॉक गळत होती. सेकंदाला एक थेंब म्हणजे तासाला पावशेराच्या आतबाहेर नव्हे, पण १८० मिलिलिटर. डब्याने जे दिले त्याच्या सोळा पट तिथे मातीत जात होते!

ज्याच्याकडे गुरे भरपूर आहेत त्याला गोबरगॅसवर डिझेल इंजिन चालवता येते. तिथे हवेच्या वाटेने गॅस आत घेतात आणि पेटवण्यापुरते थोडे डिझेल लागते. डिझेलची मोठी बचत होते, कारण शेणात जाळ शिल्लक असतो. शेण ही राख नव्हे. पण हिशेब आधी करावा. पाच हॉर्सपॉवर तासभर चालवायला अडीच घनमीटरच्या आसपास गॅस लागतो, म्हणजे साठ किलोहून अधिक शेण, पाच-सहा जनावरांचे. दोन-तीन जनावरे असतील तर तो गॅस सूनबाईच्या शेगडीलाच लावावा, तिथे त्याची किंमत जास्त.

आणि ज्याच्या रानाला विजेचा खांब नाही, त्याने सौर पंपाची चौकशी करावी. २०२४ साली राज्याने सुरू केलेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याचा ५ टक्के ठेवला. अडीच एकरांपर्यंत तीन हॉर्सपॉवरचा पंप. अर्ज कुठे आणि कसा ते महावितरणच्या कार्यालयात विचारा, दलालाला विचारू नका. पाटणला पावसाळ्यात ऊन नसते हे खरे, पण पावसाळ्यात पंपही लागत नाही.

निघताना पुतण्याने विक्रेत्याला फोन लावला आणि एजन्सी नको म्हणून सांगितले. पलीकडून बराच वेळ बोलणे चालले होते. शेवटी पुतण्या एवढेच म्हणाला, “आमच्या रानात या. बाटली आमची, घड्याळ आमचं. मोजून दावा, मग साठ हजाराचं बोलू.” यायचा दिवस काही ठरला नाही.

साडेनऊ हजार गेलेच. त्याची हळहळ त्याच्या तोंडावर दिसत होती आणि मी ती पुसायला गेलो नाही. बॅटरी तेवढी ट्रॅक्टरला कामी येईल. नातीची फी मात्र भरली, पावती सूनबाईने कॅलेंडरच्याच खिळ्याला अडकवून ठेवली आहे.

तुमच्यापैकी कोणाच्या इंजिनाला असे काही बसवले असेल तर वर सांगितल्यासारखे बाटली लावून मोजा आणि आकडे मला कळवा. माझ्या हिशेबापेक्षा वेगळे निघाले तर तेही याच जागी छापू. आणि घरात डिझेलचे आकडे कोणी टिपत नसेल, तर आजपासून दुधाच्या चौकटीत तेही लिहायला लागा.

पुढच्या खेपेला कांद्याची चाळ. येतो.